खुबा बदलण्याआधीचे सहा आठवडे: फिटनेस, औषधं आणि घराची तयारी

खुब्याचं ऑपरेशन ठरलं की घरात तारखेची, खर्चाची आणि सुट्ट्यांची चर्चा सुरू होते. ‘फिटनेस’, म्हणजे शरीराला ऑपरेशन झेपेल का याची तपासणी, मात्र अनेक ठिकाणी ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी उरकतात, आणि घोटाळा तिथेच होतो. हिमोग्लोबिन ९ निघालं तर ते रात्रीतून वाढत नाही. तीन महिने चढलेली साखर दोन दिवसांच्या इन्शुलिनने कागदावर खाली येते, शरीराला सावरायला मात्र आठवडे लागतात. दाढेत पू असेल तर ऑपरेशन पुढे ढकललं जातं. कुणाच्या लक्षात आलं नाही तर तसंच होतं, आणि ते जास्त वाईट. म्हणून रक्ताच्या तपासण्या आणि भूलतज्ज्ञांची पहिली भेट ऑपरेशनच्या चार ते सहा आठवडे आधी करून घ्या.

हे सगळं ठरवून करायच्या ऑपरेशनबद्दल आहे. पडून खुबा मोडला असेल तर गणित उलटं होतं. अशा रुग्णाचं ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं लागतं, कारण अंथरुणावर पडून राहिल्याने न्यूमोनिया, पायातल्या गुठळ्या आणि पाठीवरच्या जखमा मागे लागतात.

सर्जनकडून आधी काय समजून घ्यायचं

खुबा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या उखळीत फिरतो. ऑपरेशनमध्ये माथा आणि उखळ दोन्ही बदलतात. सांधा कशामुळे खराब झाला हे स्पष्ट विचारा, कारण तयारी त्यावर ठरते. आपल्याकडे तरुण रुग्णांमध्ये बहुतेकदा माथ्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो, ज्याला सगळे ‘एव्हीएन’ म्हणतात. त्यामागे स्टेरॉइड, दारू किंवा सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार) असू शकतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस असेल तर मान आणि पाठ ताठ झालेली असते. भूल देणाऱ्याला हे आधी कळलंच पाहिजे. लहानपणी त्याच खुब्याचा टीबी होऊन गेला असेल तर ‘ती जुनी गोष्ट’ म्हणून सोडून देऊ नका. जुना जंतुसंसर्ग नव्या सांध्याभोवती पुन्हा उठू शकतो.

आणखी तीन प्रश्न विचारा. चीर पुढून घेणार की मागून? ऑपरेशननंतर कोणत्या हालचाली टाळायच्या हे त्यावर अवलंबून असतं. गेल्या तीन महिन्यांत खुब्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर तारीख पुढे न्यायची का? सहसा तीन महिन्यांचं अंतर ठेवतात, कारण त्याआधी ऑपरेशन केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आणि तिसरा, पायांच्या लांबीत किती फरक राहू शकतो? हे आधी ऐकलेलं असलं की नंतर धक्का बसत नाही.

रक्त

तपासण्यांची यादी लांब असते: हिमोग्राम, रक्तगट, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), सोडियम-पोटॅशियम, लिव्हर, रक्त गोठण्याची वेळ, साखर, सीआरपी (शरीरातली सूज किंवा जंतुसंसर्ग दाखवणारी चाचणी), एचआयव्ही आणि काविळीच्या चाचण्या, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, गरजेनुसार टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). त्यातला पहिला आकडा बघायचा तो हिमोग्लोबिनचा. पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया. खुब्याच्या ऑपरेशनमध्ये रक्त जातंच. सुरुवातच ९-१० वर असेल तर रक्त चढवावं लागण्याची शक्यता वाढते, आणि ऑपरेशननंतर उभं राहिल्यावर चक्कर येते ती वेगळीच.

हिमोग्लोबिन कमी निघालं की फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या. फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोह नक्की कमी आहे. सीआरपी वाढलेला असेल तर फेरिटिन फसवं वर दिसतं. तेव्हा १०० च्या आतला आकडाही संशयास्पद धरतात. शाकाहारी माणसांत, आणि मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं आहे.

लोहाची गोळी एक दिवसाआड घेतली तरी चालते. ती रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्या, आणि आधी-नंतर तासभर चहा नको. चहा लोह शोषू देत नाही, आणि आपल्याकडे गोळी नेमकी चहाबरोबरच घेतली जाते. वेळ कमी असेल किंवा गोळी पोटाला झेपत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, पण त्यालाही तीन-चार आठवडे हवेत. ऑपरेशनच्या चार दिवस आधी लावलेल्या त्या सलाइनचा ऑपरेशनसाठी फारसा उपयोग नाही.

रक्त का कमी झालं याचाही शोध घ्या. खुब्याचा रुग्ण महिनोन् महिने डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकवर दिवस काढत असतो. या गोळ्यांनी पोटात अल्सर होऊन थेंब थेंब रक्त जात राहतं, आणि त्याच गोळ्यांनी क्रिएटिनिनही चढतं. शौचाला काळं होतंय का, हे लाज न बाळगता सांगा.

पूर्व विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात एव्हीएनच्या रुग्णाची सिकलसेलची चाचणी झालेली नसेल तर ती करून घ्याच. सिकलसेलच्या रुग्णाला तहानलेलं, थंडीत किंवा ऑक्सिजन कमी पडलेल्या स्थितीत ठेवणं धोक्याचं असतं. ऑपरेशनआधी रक्त देऊन हिमोग्लोबिन १० च्या आसपास आणायचं का, हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतात. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं, म्हणून त्याला परस्पर लोहाच्या गोळ्या देऊ नका.

साखर

उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळचं सांगते. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचं सांगतं. बहुतेक सर्जन ते ७.५ ते ८ च्या आत मागतात. ९ असेल तर तारीख पुढे नेण्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. नव्या सांध्याला जंतू चिकटले तर तो पुन्हा उघडून धुवावा लागतो, कधी काढावाही लागतो. त्यापुढे दोन महिन्यांची वाट क्षुल्लक आहे. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा: सिकलसेल असेल, ॲनिमिया जास्त असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीए१सी चुकीचं येतं. तिथे घरी ग्लुकोमीटरवर घेतलेल्या दोन आठवड्यांच्या नोंदी जास्त विश्वासाच्या.

दात, लघवी, कातडी

दात आधी दाखवा, कारण त्यालाच वेळ लागतो. रूट कॅनाल किंवा दाढ काढणं ऑपरेशनच्या निदान तीन-चार आठवडे आधी संपलेलं बरं. लघवीला जळजळ, ताप, वारंवार जावं लागणं असेल तर कल्चर करून उपचार घ्या. पुरुषांनी धार बारीक होते का, रात्री किती वेळा उठावं लागतं हे सांगावं. प्रोस्टेट वाढलेलं असेल तर पाठीतल्या भुलीनंतर लघवी अडकते आणि नळी घालावी लागते.

पायांकडे कुणी बघत नाही. टाचांच्या भेगा, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्या, जांघेतला नायटा, मांडीवरचं गळू, नखाच्या कडेला आलेला पू ही सगळी जंतूंची घरं आहेत. महिनाभर आधीपासून रोज रात्री पाय धुऊन बेचके कोरडे करा, भेगांना व्हॅसलीन लावा, नायट्याला डॉक्टरांनी दिलेलं मलमच लावा. दुकानातून आणलेल्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं आणि त्याने नायटा पसरतो. शेतात, चिखलात अनवाणी जाणं या काळात बंद.

मांडीवरचे केस घरी ब्लेडने काढू नका. बारीक कापल्याच्या जागी जंतू वाढतात. केस काढायचेच असतील तर ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयात क्लिपरने काढतात.

तंबाखू, मिश्री, बिडी

धुरामुळे आणि निकोटीनमुळे जखमेला रक्त कमी मिळतं. निदान चार आठवडे पूर्ण बंद ठेवा, आणि त्यात मिश्री, खैनी, गुटखा सगळं आलं. ‘मी सिगरेट ओढत नाही’ असं सांगून मिश्रीचा डबा उशाशी ठेवणाऱ्या आजी घरोघरी आहेत. त्यांना ती तंबाखूच आहे हे प्रेमाने समजवावं लागतं. गुटखा खाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये जातात का? जात नसतील तर तोंड कमी उघडतं, आणि श्वासाची नळी घालायची वेळ आली तर ती घालणं अवघड जातं. हे भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा.

भूलतज्ज्ञांकडे जाताना

हे ऑपरेशन बहुतेकदा पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून होतं. तरीही हृदय, फुप्फुसं आणि तोंड-मान यांची तपासणी पूर्ण होते. सोबत न्यायचं ते सगळं: जुने डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफी-स्टेंटचे कागद, रोजच्या गोळ्यांची खरी पाकिटं. ‘एक पांढरी, एक गुलाबी’ असं सांगून चालत नाही.

हे विचारलं नाही तरी सांगा: एका दमात किती जिने चढता येतात, आणि थांबावं लागतं ते दुखण्यामुळे की दम लागून, रात्री घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, आधीच्या भुलीत उलट्या किंवा काही त्रास झाला का, कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठतं, दारू किती आणि रोज का. रोज पिणाऱ्याने आकडा लपवला तर दाखल झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भास होतात, आणि नवा सांधा निखळण्याची भीती राहते. हृदयात स्टेंट टाकून सहा ते बारा महिने झाले नसतील तर ठरवून करायचं ऑपरेशन सहसा थांबवतात. किती काळ थांबायचं, ते हृदयरोगतज्ज्ञ सांगतील.

गोळ्यांचा तक्ता

एकाही गोळीबद्दल अंदाजाने वागू नका. भूलतज्ज्ञांकडून प्रत्येक गोळीपुढे ‘शेवटचा डोस कोणत्या तारखेला’ आणि ‘ऑपरेशनच्या सकाळी घ्यायची की नाही’ हे लिहून घ्या. साधारण पद्धत अशी असते:

– रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन स्टेंट असलेल्यांत बहुधा चालू ठेवतात.
– त्याच कामाच्या वॉरफॅरिन सुमारे ५ दिवस आधी, अपिक्साबॅन-रिव्हारॉक्साबॅन २-३ दिवस आधी. मूत्रपिंड कमजोर असेल तर त्याहून आधी.
– डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या ३ दिवस आधी. या चालू राहिल्या तर साखर ठीक दिसत असूनही रक्तात आम्ल साठू शकतं. मिश्र गोळीत या लपलेल्या असतात, म्हणून पाकिटावरचं बारीक नाव वाचा.
– मेटफॉर्मिन आणि इतर साखरेच्या गोळ्या बहुधा फक्त ऑपरेशनच्या सकाळी बंद. इन्शुलिनचा डोस लिहून घ्या. आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन असेल तर आवर्जून सांगा. त्याने पोट रिकामं व्हायला वेळ लागतो.
– टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल गटातल्या बीपीच्या गोळ्या अनेक भूलतज्ज्ञ २४ तास आधी थांबवतात. ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल, थायरॉइडची आणि फिटची गोळी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते.
– दुखण्याच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सहसा आठवडाभर आधी बंद. तेवढे दिवस पॅरासिटामॉल.

स्टेरॉइड अचानक सोडू नका. महिनोन् महिने घेतलेलं असेल तर ऑपरेशनच्या ताणात बीपी कोसळू शकतो. त्या दिवशी उलट जादा डोस लागू शकतो. संधिवातासाठी कुणाकडून बिनलेबलच्या पुड्या घेत असाल तर त्याही दाखवा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचं अनेकदा आढळलं आहे. लसणाच्या कॅप्सूल, गुग्गुळ आणि इतर काढे-चूर्णं दोन आठवडे आधी थांबवा. काहींनी रक्त गोठायला वेळ लागतो.

घर

मागून चीर घेतली असेल तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळायच्या असतात: खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं, पाय आत वळवणं. म्हणजे मांडी घालून बसणं नाही, उकिडवं नाही, जमिनीवरची गादी नाही. पुढून चीर असेल तर पाय मागे ताणून बाहेर वळवणं टाळायला सांगतात.

मोजपट्टी घ्या. बूट-चपलेशिवाय उभं राहून गुडघ्यामागच्या घडीची जमिनीपासूनची उंची मोजा आणि त्यात २ इंच मिळवा. खुर्ची, पलंग आणि कमोड या तिन्हींची बसायची उंची, वजन टाकल्यावर, एवढी हवी. बहुतेकांची ती १८ ते २० इंचांत येते. कापसाची गादी बसल्यावर दोन-तीन इंच दबते, ते धरा. पलंग बुटका असेल तर सुताराकडून खाच पाडलेले ठोकळे करून घ्या, सुट्या विटा नकोत. खुर्चीला हात हवेत आणि ती जड हवी. हलकी प्लास्टिकची खुर्ची उठताना मागे सरकते.

भारतीय पद्धतीचं संडास असेल तर त्यावर ठेवायची, मधे भोक असलेली कमोड खुर्ची सर्जिकल दुकानात मिळते; पाय कमी-जास्त करता येतील अशी घ्या आणि खालची रबरं तपासा. कमोड असेल तर त्यावर ४ ते ६ इंचांचा उंच सीट बसवा. पाण्याचा पाइप कंबर न वळवता हाताला लागतो का, ते आताच बसून बघा. आंघोळीला उंच स्टूल, आणि बादलीही दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्या भरायला वाकावं लागत नाही. भिंतीला घट्ट बसवलेला दांडा हवा. टॉवेलच्या दांडीला धरून उठलं की ती निघून हातात येते.

वॉकर घरात आणून बाथरूमच्या दारातून नेऊन बघा. फ्लॅटमधली ती दारं अरुंद असतात. सरळ जात नसेल तर आडवं पाऊल टाकून जाण्याचा सराव आधीच लागतो. पायपुसणी, सतरंज्या, मोकळ्या वायरी उचला. उंच उंबरठ्याला दोन्ही बाजूंनी उतार लावून घ्या किंवा वाट बदला. स्वयंपाकघरात रोजचे डबे, तवा, कुकर ओट्यावर आणा, आणि सिलिंडरचा रेग्युलेटर दुसऱ्या कुणी लावायचा हे ठरवा. वीज जात असेल तर पलंगाशी चार्जिंगचा दिवा ठेवा. रात्री लघवीला उठतानाच माणसं पडतात.

पाय आणि हात तयार करणं

दिवसातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी १० वेळा: घोटा वर-खाली, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबून मांडी ५ सेकंद घट्ट, दोन्ही नितंब आवळून ५ सेकंद, पाठीवर झोपून टाच सरकवत गुडघा वाकवणं. आणि विसरला जाणारा एक, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन अंग उचलणं. ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे वॉकरवर अंगाचा भार हातच घेतात. दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर संख्या निम्मी करा. तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरचाही (श्वास ओढून चेंडू उचलायचं, फुप्फुसांच्या व्यायामाचं उपकरण) सराव आधीच करा.

वॉकरची मूठ, हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यावी. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. हे आत्ता तोंडपाठ करा.

कागद आणि पैसा

विम्यात सांधेबदलासाठी बऱ्याचदा दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, म्हणून तारीख घेण्याआधीच पूर्वमंजुरीची चौकशी करा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा आजार आणि ते रुग्णालय बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्रांना रेशनकार्ड-आधार दाखवून विचारा. २०१७ साली सरकारने किंमत-मर्यादा घातली ती गुडघ्याच्या इम्प्लांटवर, म्हणजे बसवायच्या कृत्रिम सांध्यावर. खुब्याला तोच आदेश लागू आहे असं धरून हिशेब करू नका. इम्प्लांटचं नाव, प्रकार आणि किंमत लेखी घ्या.

ऑपरेशननंतर इम्प्लांटच्या पाकिटावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घेतल्याशिवाय निघू नका. ऑगस्ट २०१० मध्ये डेप्यू कंपनीने एएसआर नावाचे धातूवर-धातू खुबे जगभरातून परत मागवले. भारतातही हजारो जणांना ते बसवलेले होते, आणि त्यातल्या पुष्कळांचा नंतर पत्ताच लागला नाही. बॅच नंबर आपल्याजवळ असेल तर असा प्रसंग आल्यावर आपणच शोध घेऊ शकतो.

आदली रात्र आणि सकाळ

क्लोरहेक्सिडिनचा साबण दिला असेल तर रात्री आणि सकाळी मानेखाली लावा, दोनेक मिनिटं ठेवून धुवा. डोळे आणि नाजूक भाग वगळा. त्यानंतर पावडर, तेल नाही. कपडे आणि चादर धुतलेली.

रात्री हलकं जेवा. उपवासाचा दिवस आला तर साबुदाण्याची खिचडी टाळा; तूप-दाण्याचा जड पदार्थ पोटातून जायला आठ तास घेतो. साधं अन्न ६ तास आधी बंद, आणि दुधाचा चहा हे अन्नच. साधं पाणी २ तास आधीपर्यंत बहुतेक ठिकाणी देतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ पाळा. नेलपॉलिश काढा, त्या आठवड्यात मेंदी नको. बोटावरच्या ऑक्सिजनच्या मापाला अडथळा येतो. जोडवी घट्ट बसली असतील तर आठवडाभर आधी सोनाराकडून काढून घ्या. ऑपरेशनच्या टेबलावर विजेवर चालणारं उपकरण वापरतात, आणि अंगावरच्या धातूपाशी भाजू शकतं.

ताप, कफाचा खोकला, पायावर नवी जखम किंवा गळू, जुलाब, लघवीची जळजळ, बीपी १८०/११० च्या वर: यातलं काहीही असेल तर रुग्णालयाच्या दारात पोहोचून सांगण्यापेक्षा आदल्या दिवशीच फोन करा.

परतीच्या प्रवासाची सोयही आजच करून ठेवा. रिक्षा नको, सीट उंच असलेली गाडी बघा. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करा, खाली घट्ट उशी आणि तिच्यावर प्लास्टिकची पिशवी ठेवा, म्हणजे अंग सरकून वळतं. आधी पाठमोरं बसायचं, ऑपरेशनचा पाय पुढे लांब ठेवून, आणि मग दोन्ही पाय एकत्र आत.